कारण सापडत नाही अशी अंगदुखी: चाळिशी-पन्नाशीत निदानापर्यंत पोचण्याचा क्रम

मांड्या भरून येतात, खांदे जड होतात, पोटऱ्यांत ठणका लागतो, आणि हे तीन-चार महिने चाललंय. मार लागलेला नाही, ताप नाही. अशा माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक जाडजूड फाइल असते: फुल बॉडी पॅकेजचे रिपोर्ट, कमरेचा एमआरआय, ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांची बिलं. पण दुखणं नेमकं कुठे आहे, कोणत्या महिन्यात सुरू झालं, त्याच्या आधी कोणतं औषध नव्याने लागलं होतं, हे त्या फाइलीत कुठेच लिहिलेलं नसतं.

चूक होते ती क्रमात. आधी वेदनाशामक गोळी, मग पॅकेज, मग स्कॅन, आणि नीट विचारपूस सगळ्यांत शेवटी. खाली तोच क्रम सरळ करून दिला आहे. यातले पहिले चार टप्पे घरी करायचे आहेत, पुढचे डॉक्टरांबरोबर. औषध सुरू करणं किंवा बंद करणं यातल्या कोणत्याही टप्प्यावर स्वतःच्या मनाने करायचं नाही.

## सुरुवातीआधी: यातलं काही असेल तर थेट रुग्णालय गाठा

लघवी काळ्या चहासारखी गडद झाली आहे आणि स्नायू सुजून दुखताहेत: स्नायूंचे तंतू झपाट्याने फुटत असतील तर त्यातून सुटलेलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकतं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सवय नसताना केलेला जबर व्यायाम, उन्हातली मेहनत किंवा औषधांची वाईट जोडी यानंतर हे होतं. सकाळची वाट पाहू नका.

छाती, जबडा, डावा खांदा किंवा दंड दुखतोय आणि घाम किंवा धाप आहे: आधी ईसीजी. चाळिशीनंतर याला ‘स्नायू धरलाय’ म्हणून शेकत बसणं फार महागात पडतं.

पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत वर चढते आहे, गिळताना ठसका लागतो, श्वास अपुरा पडतो: यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार) विचार तातडीने व्हावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात याचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. त्याची सुरुवात कधी कधी नुसत्या पाठीच्या आणि पायांच्या दुखण्याने होते, हे मात्र अजून फारसं कुणाला माहीत नाही.

वय पन्नाशीपुढे आहे, कानशिलाजवळ नवीनच डोकेदुखी आहे, चावताना जबडा भरून येतो, नजर मधेच अंधूक होते: कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असेल तर दृष्टी कायमची जाऊ शकते. इथे तास मोजायचे असतात.

एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा (शिरेतली रक्ताची गाठ), किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणं: दोन्ही त्याच दिवशी.

ताप आणि असह्य अंगदुखी एकत्र आली तर हा लेख त्यासाठी नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून किंवा भातखाचरातून चालल्यानंतर ताप, लाल डोळे आणि हात लावू देत नाहीत अशा पोटऱ्या असतील तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) तपासणी लगेच व्हायला हवी. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरी भागात काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्याला असा ताप आला तर ‘जंगलात गेलो होतो’ हे डॉक्टरांना न विचारता सांगा, म्हणजे माकडतापाचा (गोचिडीतून पसरणारा विषाणूचा ताप) विचार होईल.

तपासा: यातलं काहीच नाही? मग पुढे चला.

## टप्पा १: दोन आठवड्यांचं टिपण

साधी वही पुरे. पहिल्या पानावर माणसाच्या शरीराची बाह्याकृती काढा, एक पुढून, एक मागून. दुखतं तिथे पेनाने गडद करा. ओबडधोबड असली तरी चालेल. डॉक्टरांना या चित्रातून दोन मिनिटांत जे कळतं ते ‘सगळं अंग दुखतं’ या वाक्यातून कधीच कळत नाही.

मग रोज चार ओळी:

सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं असतं का, आणि मोकळं व्हायला किती मिनिटं लागतात. पाच-दहा मिनिटं आणि पाऊण तास यांत फार मोठा फरक आहे, म्हणून घड्याळ बघून लिहा.

कशाने वाढतं: जिना, चालणं, हात वर करणं, बसून उठणं, की काहीच न करता. कशाने थांबतं.

झोप कशी झाली. उठल्यावर ताजंतवानं वाटलं का. घोरणं आणि मधेच श्वास थांबणं हे घरच्यांना विचारा.

त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी, दुखण्यावरचीसुद्धा.

शिवाय एका वेगळ्या पानावर मागचं सहा महिन्यांचं लिहून काढा: कोणता ताप येऊन गेला, वजन किती कमी-जास्त झालं, काम किंवा व्यायाम बदलला का, बायकांनी पाळीचं काय चाललंय. रजोनिवृत्तीच्या आसपास सांधे-स्नायू दुखणं खूप जणींना होतं आणि ते सांगायचंच राहून जातं. चिकुनगुन्यानंतरचं दुखणंही महिनोन् महिने रेंगाळतं. तो ताप विसरला गेला की पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो.

इशारा: या दोन आठवड्यांत जोरकस मालीश, नवीन व्यायाम, नवीन चूर्ण-काढा सुरू करू नका. चित्र गढूळ होतं.

## टप्पा २: दुखणं खरंच स्नायूत आहे का?

‘मसल पेन’ म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं स्नायूत नसतंच. घरच्या घरी निम्मी छाननी होते.

सांधा: खांदा किंवा गुडघा तुमच्याऐवजी दुसऱ्याने हलवून पाहावा, तुम्ही अंग सैल सोडावं. तरीही दुखलं किंवा सांधा अर्ध्यात अडकला तर रोख सांध्याकडे जातो. मधुमेह किंवा थायरॉइड असलेल्यांत खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं आणि ते दुखणं दंडाच्या स्नायूत उतरल्यासारखं वाटतं.

हाड: नडगीच्या पुढच्या हाडावर, बरगड्यांवर अंगठ्याने दाबा. हाडावरच कळ उठत असेल तर लिहून ठेवा, टप्पा ७ मध्ये लागेल.

नस: आग होणं, मुंग्या, बधीरपणा, विजेसारखी चमक, मानेतून हातात किंवा कमरेतून पायात उतरणारी रेघ, ही नसेची भाषा. शाकाहारी माणूस, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि तळपायांची आग: बी-१२ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रक्तवाहिनी: ठरावीक अंतर चाललं की पोटऱ्यांत गोळे आणि नुसतं उभं राहिलं तरी आराम, तर पायाच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो. उभं राहून आराम नाही, पण बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, तर कमरेच्या मणक्यातली पोकळी अरुंद झालेली असू शकते. बाजारात हातगाडीवर किंवा ट्रॉलीवर रेलून चालताना त्रास होत नाही असं हे रुग्ण स्वतःहून सांगतात.

मधुमेहींसाठी एक वेगळी नोंद. एकाच मांडीत अचानक जबर दुखणं, काही आठवड्यांत ती मांडी बारीक आणि कमजोर होणं, वजन उतरणं: हा मधुमेहामुळे नसांच्या जाळ्याला झालेला विकार असू शकतो. अशांच्या मांडीवर महिनाभर मलम चोळलं जातं.

## टप्पा ३: दुखतंय, की ताकद गेली आहे?

सगळ्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. ‘दुखतं म्हणून करत नाही’ आणि ‘करायला गेलं तर होतच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. दुर्दैवाने ‘अशक्तपणा’ या एका शब्दात आपण थकवा, चक्कर, निरुत्साह आणि खरी स्नायूंची कमजोरी असं सगळं कोंबतो.

अशी तपासणी करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून, पाठ सरळ ठेवून उठा आणि बसा, पाच वेळा, आणि लागलेले सेकंद लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाला तरी बाजूने बघायला, जमल्यास मोबाइलवर चित्रण करायला सांगा. मांड्यांत ताकद असलेला माणूस दुखत असलं तरी तोंड वाकडं करत सरळ उठतो. ताकद कमी झालेला माणूस आधी पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर येतो, धड पुढे झोकतो, एक-दोन हेलकावे घेतो आणि नकळत हात गुडघ्यावर टेकवतो. चेहऱ्यावर वेदना नसतानाही उठणं अडतं, हे त्याच्याही लक्षात आलेलं नसतं. चित्रणात ते स्पष्ट दिसतं.

याशिवाय रोजच्या कामांतले प्रश्न: देशी शौचालयातून उठताना नळ धरावा लागतो का? बादलीशेजारच्या पाटावरून उठता येतं का? एसटीची पायरी चढताना दांडा ओढून अंग वर घ्यावं लागतं का? वेणी घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात मधेच खाली येतात का? हे मांड्या-खांद्यांचे मोठे स्नायू. आता दुसरी बाजू: किल्ली फिरवणं, बाटलीचं झाकण उघडणं, मूठ घट्ट वळणं जमतं का, आणि चालताना गुडघा अचानक दुमडून पडायला होतं का? पन्नाशीनंतर बोटं वळवण्याची ताकद आणि मांडीची पुढची बाजू एकत्र कमजोर होत गेली तर इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस नावाचा स्नायूंचा आजार मनात ठेवावा लागतो. तो बहुधा फारसा दुखत नाही, म्हणून ‘वय झालं’ म्हणत वर्षं निघून जातात.

तपासा: खरी कमजोरी आढळली तर दोन आठवड्यांचं टिपण पुरं व्हायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि ‘दुखतंय’च्या आधी ‘उठता येत नाही’ हे सांगा.

## टप्पा ४: औषधांची पिशवी

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घाला. ॲलोपॅथी, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जिममधले पावडरचे डबे, शेजाऱ्याने दिलेली पुडी, सगळं. मग कागदावर तीन रकाने करा: औषध, मात्रा, सुरू केल्याची तारीख. त्या तारखांशेजारी दुखणं कधी सुरू झालं ती तारीख लाल पेनाने लिहा. पुष्कळदा उत्तर त्या कागदावर असतं.

कोणती औषधं शोधायची?

कोलेस्टेरॉलच्या गोळ्या: अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे. त्यांचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना सारखं, मांड्या-पोटऱ्यांसारख्या मोठ्या स्नायूंत, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवडे-महिन्यांत येतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरची इट्राकोनॅझोल सोबत चालू झाली तर काही स्टॅटिनांची रक्तातली पातळी चढते आणि धोका वाढतो. त्वचेच्या डॉक्टरांना तुमची कोलेस्टेरॉलची गोळी माहीत असेलच असं नाही.

पण इथेच उलटी चूकही फार होते. दुखलं की दोष स्टॅटिनचा असं धरून, स्टेंट बसवलेली माणसंसुद्धा गोळी परस्पर बंद करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॅमसन’ या ब्रिटिश चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जितका त्रास वाढला, त्याच्या ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीनेही वाढला. दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ नाही. दोष कुणाचा हे ठरवायला पद्धत लागते, एवढाच. ती पद्धत अशी: डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन ते चार आठवडे गोळी थांबवायची, दुखणं उतरतं का ते टिपायचं, मग कमी मात्रेत किंवा दुसरं स्टॅटिन देऊन पुन्हा पाहायचं.

स्टेरॉइड: दम्यासाठी, त्वचेसाठी किंवा सांध्यांसाठी बरेच दिवस चाललेलं. यात मांड्या कमजोर होतात, दुखत फारसं नाहीत, आणि रक्तातला सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) सहसा नॉर्मल असतो. वाताच्या दुखण्यावर ‘जादूसारखं’ काम करणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून ती पुडी लपवू नका. आणि स्टेरॉइडचा संशय आला तरी ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

बाकीची: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (पोटॅशियम उतरतं, गोळे येतात), गाउटवरची कोल्चिसिन (विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर), वर्षानुवर्षं चाललेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या (मॅग्नेशियम उतरू शकतं), सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकं (टाचेमागचा स्नायुबंध दुखावतो), स्तनाच्या कर्करोगानंतरची लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल. आणि दारू. किती, किती वेळा, हे खरं सांगा.

## टप्पा ५: डॉक्टरांसमोर काय आणि कशा क्रमाने सांगायचं

आधी एमडी मेडिसिन झालेल्या डॉक्टरांकडे किंवा चांगल्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. थेट मणक्याच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात तर तपास मणक्यापासून सुरू होणार.

चार वाक्यं आधीच लिहून न्या. उदाहरणार्थ: “वय ५२. चार महिन्यांपासून दोन्ही मांड्या आणि खांदे दुखतात, सकाळी तासभर आखडलेलं असतं. उठता येतं, पण दुखतं. दुखणं सुरू होण्याआधी दीड महिना कोलेस्टेरॉलची गोळी दुप्पट झाली. वजन तीन किलो कमी झालं, ताप नाही.” एवढं ऐकल्यावर डॉक्टरांच्या मनातली यादी पन्नास आजारांवरून पाच-सहांवर येते.

मग कपडे थोडे सैल करून नीट तपासणी होऊ द्या. मांडी, दंड दाबून पाहणं, ताकद मोजणं, चवड्यांवर आणि टाचांवर चालायला लावणं, गुडघ्यावर हातोडीने ठोकून पाहणं. त्वचासुद्धा दाखवा. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या पेरांवर लालसर उंचवटे असतील तर डर्मॅटोमायोसायटिसचा (त्वचा आणि स्नायू दोन्हींना सूज आणणारा आजार) संशय येतो, आणि मोठ्या वयात त्याबरोबर कुठे कर्करोग दडलेला नाही ना हेही शोधावं लागतं. सावळ्या त्वचेवर हे डाग लाल न दिसता काळपट दिसतात, त्यामुळे ‘उन्हाने झालं’ म्हणून राहून जातात.

इशारा: ‘बघू, फरक पडतो का’ म्हणून निदानाआधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या घेऊ नका. स्टेरॉइडने जवळजवळ कुठलंही दुखणं काही दिवस बरं वाटतं. पुढे बायोप्सी करावी लागली तर तिच्यातल्या खुणाही पुसट होतात. अपवाद नजरेच्या धोक्याचा, जो वर सांगितला. तिथे डॉक्टर आधी स्टेरॉइड देतात आणि तपासण्या मागून करतात, ते बरोबर आहे.

## टप्पा ६: पहिल्या फेरीच्या चाचण्या आणि त्यांची तयारी

पहिली फेरी छोटी असते: हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (शरीरात सूज आहे का ते दाखवणाऱ्या), सीपीके, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, एसजीओटी-एसजीपीटी, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (साखरेची सरासरी) आणि साधी लघवी तपासणी. नसेची लक्षणं असतील तर बी-१२.

तयारी चुकली की रिपोर्ट चुकतो, आणि सगळ्यांत जास्त चुकतो तो सीपीके. व्यायामानंतर तो एक ते चार दिवसांत शिखराला जातो आणि आठवडाभर वर राहू शकतो. आषाढी वारीहून, हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकहून किंवा मॅरेथॉनहून परतल्यावर दिलेल्या रक्तात तो वाढलेलाच निघणार. म्हणून:

रक्त देण्याआधी सात दिवस जिम, ट्रेक, जड उचलणं आणि जोराचं मालीश बंद. रोजचं चालणं चालेल.

त्या आठवड्यात कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेऊ नका. स्नायूत टोचलेल्या सुईनेही सीपीके चढतो. बी-१२ची इंजेक्शनंही रक्त देऊन झाल्यावर सुरू करा, नाहीतर पातळीही कळत नाही.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी येतो.

चिठ्ठीवर ‘सीपीके टोटल’ असं लिहून घ्या. नुसतं ‘सीपीके’ सांगितल्यावर हृदयासाठीचा सीपीके-एमबी केला जातो, असं होतं. शोध स्नायूंचा आहे, टोटल हवा.

या फेरीत काय नको: एएनए आणि आरए फॅक्टर (वाताच्या आजारांसाठीच्या रक्तचाचण्या), युरिक अ‍ॅसिड, सगळ्या मणक्याचा एमआरआय. एएनए पूर्ण निरोगी माणसांतही काही वेळा पॉझिटिव्ह येतो. वाढलेल्या युरिक अ‍ॅसिडमुळे सर्वांग दुखत नाही, गाउट एखादा सांधा लाल करून ठणकवतो. आणि चाळिशीनंतरच्या मणक्यात चकती थोडी सरकलेली दिसणं, काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास आहे. लक्षणांचा धागा नसताना केलेल्या या चाचण्यांनी कित्येकांच्या कपाळी नसलेला आजार चिकटला आहे.

## टप्पा ७: रिपोर्ट वाचताना

सीपीके थोडा वाढलेला (वरच्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट): घाबरू नका, आठवडाभर विश्रांती घेऊन पुन्हा करा. पिळदार अंगाच्या पुरुषांत तो मुळातच जास्त असतो. दुसऱ्यांदाही वाढलेलाच आला, तर टीएसएच आणि औषधांच्या यादीकडे परत जा.

सीपीके मर्यादेच्या दहापट किंवा जास्त: स्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. क्रिएटिनिन आणि लघवी पाहिली जाते. लघवीच्या पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीच नाहीत, असं निघालं तर ते मायोग्लोबिन असू शकतं. ही जोडी बघायला सांगा.

एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले: ही दोन्ही एन्झाइमं यकृताबरोबर स्नायूंतही असतात. सोबत सीपीके वाढलेला आणि जीजीटी (यकृताचं एन्झाइम, स्नायूंत नसलेलं) नॉर्मल असेल तर उगम बहुधा स्नायूत आहे. हे न पाहता माणसं महिनोन् महिने ‘लिव्हरच्या’ गोळ्या आणि कडक पथ्य करत राहतात आणि मायोसायटिस (स्नायूंची सूज) आत वाढत राहतो. ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती टाळायला एक साधी रक्तचाचणी पुरते.

टीएसएच वाढलेला: थायरॉइड मंदावल्याने गोळे येतात, अंग जड होतं, सीपीकेही चढतो. आधी थायरॉइड ताळ्यावर आणा. उपचार नीट लागू पडल्यावरही दुखणं राहिलं तरच पुढे शोधा. मंदावलेल्या थायरॉइडवर स्टॅटिनचा त्रासही जास्त होतो.

ड जीवनसत्त्व कमी: आपल्याकडे ते खूप लोकांत कमी सापडतं, दुखत नसलेल्यांतही. म्हणून नुसता कमी आकडा म्हणजे कारण सापडलं असं नाही. हाडं दाबल्यावर दुखणं, मांड्यांची कमजोरी, डुलत चालणं, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं, कॅल्शियम किंवा फॉस्फरस उतरलेलं, असं एकत्र असेल तर हाडं मऊ होण्याचा आजार आहे आणि उपचारांनी तो सुंदर बरा होतो. ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेतल्याने कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. चिठ्ठीवरचा ‘आठवड्याला’ हा शब्द दोनदा वाचा.

ईएसआर आणि सीआरपी वाढलेले, सीपीके नॉर्मल, वय पन्नाशीपुढे, खांदे आणि नितंब सकाळी पाऊण तासाहून जास्त आखडलेले: पॉलिमायल्जिया ऱ्युमॅटिका या सुजेच्या आजाराचं हे ठरलेलं चित्र. थोड्या मात्रेतल्या स्टेरॉइडने काही दिवसांत आराम पडतो, पण आधी संसर्ग आणि इतर आजार वगळावे लागतात.

ईएसआर खूप वाढलेला, हिमोग्लोबिन कमी, पाठ-बरगड्या दुखतात, क्रिएटिनिन किंवा कॅल्शियम चढलेलं: सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणारी चाचणी) करायला सांगा. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतला कर्करोग असाच ‘अंगदुखी’ बनून येतो.

पोटॅशियम कमी: गोळी हे कारण नसेल तर मूत्रपिंड आणि संप्रेरकांचा शोध लागतो. नुसतं नारळपाणी पिऊन विषय संपवू नका.

## टप्पा ८: दुसरी फेरी, कुणासाठी?

खरी कमजोरी असेल, सीपीके विश्रांतीनंतरही बराच वाढलेला असेल, किंवा त्वचेच्या खुणा असतील, त्यांच्यासाठीच. इथून ऱ्युमॅटॉलॉजिस्ट (वाताच्या आजारांचे तज्ज्ञ) किंवा न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू-नसांचे तज्ज्ञ) हवेत. खासगीत परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीतून सुरुवात करा, पण टिपणाची वही आणि औषधांचा कागद घेऊनच.

क्रम साधारण असा असतो: मायोसायटिसची अँटिबॉडी चाचणी, मांड्यांचा एमआरआय, ईएमजी (सुया टोचून स्नायूंच्या विद्युत हालचाली पाहणं), आणि गरज पडली तर स्नायूची बायोप्सी. एमआरआयने कोणत्या स्नायूत सूज आहे ते कळतं, म्हणजे बायोप्सी बरोबर जागेवरून घेता येते. ईएमजीच्या सुया ज्या स्नायूत टोचल्या तिथून बायोप्सी घेत नाहीत, दुसऱ्या बाजूची घेतात. आणि सीपीकेचं रक्त ईएमजीच्या आधी द्यायचं.

स्टॅटिन बंद करून दोन-तीन महिने झाले, तरी सीपीके उतरत नाही आणि ताकद कमीच होते आहे? मग एचएमजीसीआर अँटिबॉडी तपासायला विचारा. क्वचित स्टॅटिनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते आणि गोळी थांबली तरी ती थांबत नाही. त्याला वेगळे उपचार लागतात.

## टप्पा ९: सगळं नॉर्मल आलं तर

“रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही” या वाक्यावर खूप जणांची, विशेषतः बायकांची, बोळवण होते. घरीही मग ‘हिचं नेहमीचंच’ असं बोललं जातं. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ इतकाच, की तपासलेले आजार नाहीत.

तीन महिन्यांहून जास्त काळ, शरीराच्या बऱ्याच भागांत दुखणं, झोपून उठल्यावरही थकवा, लक्ष न लागणं, असं असेल तर फायब्रोमायल्जिया हे निदान ठामपणे करता येतं. त्यासाठी ठरलेले निकष आहेत आणि शरीरभर दुखरे भाग मोजून ते लावले जातात. त्यावर झोप सुधारणं, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि ठरावीक औषधं यांचा उपयोग होतो. रोजच्या वेदनाशामकांचा होत नाही, उलट मूत्रपिंड आणि जठर पणाला लागतं.

मान-खांद्यांतल्या एखाद्याच ठिकाणी दाबलं की तीच ओळखीची कळ उठत असेल, तर बसण्याच्या सवयीतून धरलेला स्नायू हे कारण असू शकतं आणि फिजिओथेरपिस्टकडे त्यावर चांगला इलाज आहे. नैराश्य आणि झोपेत श्वास अडण्याचा आजार हे दोन्ही अंगदुखीच्या रूपात येतात. त्यांबद्दल विचारलं गेलं नसेल तर विषय स्वतः काढा.

आणि तरीही नाव सापडलं नाही, तर तीन महिन्यांनी परत भेटण्याची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्या. त्या भेटीआधी खुर्चीवरून उठण्याची चाचणी पुन्हा करा, पाच वेळा उठायला-बसायला लागलेले सेकंद आधीच्या आकड्याशेजारी लिहा, वजन लिहा, शरीराचं चित्र नव्याने काढा आणि सीपीके-ईएसआर पुन्हा करून न्या. मधल्या काळात ताकद कमी होऊ लागली, वजन उतरू लागलं, रात्रीचा ताप येऊ लागला किंवा लघवीचा रंग बदलला, तर तारखेची वाट न पाहता जा.